टप्पा पडायच्या आत

माणसानं मनात आणलं तर स्वतःला न येणारी गोष्टही तो दुसऱ्याला उत्तम शिकवू शकतो, हे माझं ठाम मत आहे. मला पोहता येत नाही, पण मेव्हण्याला पोहायला मीच शिकवलं. काठावरून! मला स्वयंपाक येत नाही, पण हेमाची फणसाची भाजी आज जी काही आहे ती माझ्या सूचनांमुळे. हेमा म्हणजे माझी बायको. तिचं यावर वेगळं म्हणणं आहे, पण गोष्ट मी सांगतोय.

तर आमची उर्वी नववीत असताना टेनिसमध्ये मागे पडायला लागली, तेव्हा मी अजिबात डगमगलो नाही. वास्तविक टेनिसबद्दल मला एवढंच माहीत होतं की मध्ये नेट असतं आणि बघणारे माना हलवतात. पण आंब्याच्या धंद्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला एक चेंडू काय जड आहे?

तिची अडचण तशी साधी होती. शाळेला स्वतःचं कोर्ट नाही. रत्नागिरीतल्या एका क्लबचं कोर्ट आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळतं, तेही क्लबातली ज्येष्ठ मंडळी गुडघेदुखीच्या गप्पा आटोपून खेळायला उतरेपर्यंत. तेवढ्या वेळात डझनभर मुलं. उर्वीचा नंबर येईतो आमच्या गोळपकडे येणाऱ्या एसटीची वेळ झालेली असायची. ती रॅकेट काढायची, चार चेंडू मारायची आणि रॅकेट पिशवीत घालून स्टँडकडे पळायची.

त्यात एप्रिलअखेरीस अलोऱ्याला, तिथल्या जुन्या कॉलनीतल्या कोर्टावर, शाळांच्या स्पर्धा होत्या. एकेरीची शेवटची जागा भरायची राहिली होती. तिच्यासाठी दोघी, उर्वी आणि ऋजुता. ऋजुताचं घर क्लबच्या कुंपणाला लागून. ती दात घासता घासतासुद्धा कोर्टावर जाऊ शकते! खेळाच्या निशिगंधा मॅडमनी सांगून टाकलं, की दोघींचा सामना लावू, जी जिंकेल ती एकेरी खेळेल.

त्या दिवशी जेवताना उर्वी म्हणाली, "बाबा, सकाळी सहा ते सात कोर्ट मोकळं असतं. मला सोडशील?"

मार्च संपत आलेला, झाडं लगडलेली, आणि ऊन चढायच्या आत आंबा उतरवायचा असतो हे आमच्याकडे रांगत्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. मी म्हटलं, सीझनमध्ये सकाळ मागू नकोस गो, दुसरं काहीही माग. भातात बोटानं रेघा ओढत बसली. ते मला बघवेना.

म्हणून मी योजना काढली. मुलीला कोर्टावर जायला वेळ नाही ना? मग टेनिसच बागेत आणायचं!

दोन कलमांच्या मध्ये जुनं मासेमारीचं जाळं बांधलं. पण पहिल्याच संध्याकाळी कळलं की आमच्या जमिनीला टेनिस मान्य नाही. खाली सगळा कातळ, वर पाचोळा. चेंडू पाचोळ्यात पडला तर तिथेच झोपायचा, आणि कातळावर पडला तर गडग्यावरून उडी मारून खाली पऱ्यात. गडगा म्हणजे आमची चिऱ्याची कुंपणभिंत आणि पऱ्या म्हणजे ओढा. अर्धा वेळ आम्ही बापलेक पऱ्यात चेंडू शोधत होतो.

मग मला सुचलं. चेंडू खाली पडू द्यायचाच कशाला?

आणि खरं सांगतो, हे सुचायला मला बाहेर कुठे जावं लागलं नाही. हापूस जमिनीला टेकता कामा नये, हा आमच्या घरातला पहिला नियम. पडलेला आंबा वरून अगदी सुरेख दिसतो, पण आत दणका बसलेला असतो. तो एक पेटीत गेला तर शेजारच्यांनाही घेऊन जातो. म्हणून झाडावर झेला लावलेला असला, की खाली कुणीतरी उभं असतंच. झेला म्हणजे लांब काठीला लावलेली जाळीची पिशवी. तिच्यातून आंबा निसटलाच तर वरून 'झेल!' म्हणून ओरडायचं आणि खालच्यानं हातातलं काम टाकून तो वरच्यावर धरायचा. उर्वी चार वर्षांची असल्यापासून झेलते आहे.

तेव्हा पद्धत ठरली. मी झाडावर आंबे काढणार. खिशात चेंडू. चार आंबे झाले की एक चेंडू खाली टाकायचा आणि ओरडायचं, "झेल!" तिनं तो वरच्यावर जाळ्यापलीकडे मारायचा. एका वेळेत दोन कामं! हेमा आढीत आंबे लावता लावता म्हणाली, "अहो, त्या खेळात टप्पा पण असतो ना?"

उर्वीनंही दबक्या आवाजात तेच विचारलं. मी दोघींना समजावलं, की टप्पा पडेपर्यंत वाट बघत बसायचं हे ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचं काम आहे. आपल्याला वेळ नाही, म्हणून आपण टप्प्याच्या आत मारायचं. हा मुद्दा मला स्वतःलाच इतका पटला की मी तो गड्यांनाही ऐकवला.

आणि पोरीचा हात बसला हो! डावीकडून टाका, उजवीकडून टाका, पानांच्या आडून टाका, चेंडू पलीकडे. एकदा तर झेल्यातून खरा आंबा निसटला. मी ओरडलो. तिच्या हातात रॅकेट. तिनं रॅकेट खाली नेत नेत तो आंबा तारांवर असा अलगद घेतला, की देठसुद्धा हलला नाही. मी झाडावरूनच हेमाला हाक मारली. तो आंबा मी दोन दिवस विकायला काढला नाही, येईल त्याला दाखवत होतो.

सामन्याच्या दिवशी मी बाग गड्यांवर सोपवून जातीनं गेलो. हातात आंब्यांचा खोका, कारण सीझनमध्ये रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नसतं. निशिगंधा मॅडमनी खोक्याकडे पाहिलं, मग ऋजुताच्या वडलांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की तो सामना संपेपर्यंत पायरीवरच राहू दे. लोकांना कशात काय दिसेल सांगता येत नाही.

पहिली सर्व्हिस ऋजुताची. चेंडू आला. उर्वी दोन पावलं पुढे झाली आणि टप्पा पडायच्या आत तिनं तो असा काही परतवला, की ऋजुता जागची हललीसुद्धा नाही. मी उठून टाळ्या वाजवल्या. मागच्या काकांच्या पाठीवर थाप मारली.

मॅडमनी गुण ऋजुताला दिला.

मी कुंपणाशी गेलो. म्हटलं, मॅडम, काहीतरी चुकतंय, माझ्या मुलीनं तर तो खाली पडूसुद्धा दिला नाही! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उर्वीचे बाबा, त्याचाच गुण गेला. सर्व्हिसचा टप्पा पडू द्यावा लागतो."

हा नियम उर्वीला माहीत नव्हता असं नाही. पण तिच्या हाताला तो माहीत नव्हता. दुसरी सर्व्हिस आली, तिनं दात आवळले, स्वतःला थोपवलं, आणि नेमका माझ्या तोंडून शब्द सुटला. "झेल!" तिनं तो वरच्यावर मारला. गुण ऋजुताला.

तुम्ही म्हणाल, गप्प बसायचं. अहो, मी गप्प बसायचा निश्चय केला होता! पण वरून काही खाली यायला लागलं की आमच्या घराण्यात तोंड आपोआप उघडतं. पुढे तर कहर झाला. ऋजुताचे चेंडू सरळ कोर्टाबाहेर चालले होते, सोडले असते तर फुकटात गुण. पण मी ओरडायचो, आणि उर्वी धावत जाऊन ते बाहेर जाणारे चेंडू इमानेइतबारे परत आत आणून द्यायची. पायरीवर बसलेली सगळी मुलं एका सुरात "सोड, सोड" म्हणत होती आणि माझा एकट्याचा आवाज त्यांच्यावर वरचढ होत होता.

मग ती खेळ थांबवून कुंपणापाशी आली. तोंड लालबुंद. मला वाटलं पाणी हवं असेल.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तू बाहेर जाऊन बस."

मी खोका उचलला आणि बाहेर जाऊन मोटरसायकलवर बसलो.

क्लबच्या भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आधी ठाप, ठाप, मध्ये काहीच नाही. मग थोड्या वेळानं एक वेगळा आवाज यायला लागला. चेंडू टेकल्याचा, टप् असा, आणि मग ठाप. त्या दोन आवाजांच्या मध्ये एक छोटीशी पोकळी होती. तेवढ्यात माणूस पाय नीट करतो, हात मागे नेतो, कुठे मारायचं ते ठरवतो. बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. या खेळात टप्पा म्हणजे खेळणाऱ्याला मिळालेली सवड असते. पोरीकडे वेळ नव्हता, म्हणून ती माझ्याकडे वेळ मागायला आली होती. आणि मी तिच्याजवळची होती नव्हती तेवढी सवडही काढून घेतली होती, वर तिला पद्धत असं नाव दिलं होतं. मला फार वाईट वाटलं. खोक्यातल्या आंब्यांचा वास येत होता आणि तोही नकोसा झाला.

उर्वी हरली. शेवटी शेवटी बरोबरीला येत आली होती म्हणे, पण हरली. एकेरीला ऋजुता. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, की शाळेतून दुहेरी खेळणाऱ्या सानिकाच्या जोडीला एक जागा आहे, आणि नेटजवळ असा हात त्यांनी शाळेत दुसऱ्या कुणाचा बघितलेला नाही. "पण टप्प्याला थांबायला शिकली तरच. पंधरा दिवस बघते." मग त्यांनी हसून खोका मागून घेतला.

येताना उर्वी मागे बसली होती. भाट्याचा पूल संपला तेव्हा मी न राहवून विचारलं, "रागावलीस?"

"नाही," ती म्हणाली. मग घर जवळ आल्यावर म्हणाली, "सकाळी सहाला कोर्ट मोकळंच असतं अजून."

सीझन तर ऐन भरात होता. मी घरी येऊन हेमाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सकाळची बाग मी बघते. तुम्ही नसलात तर गडी जरा लवकरच उरकतील." हे मला लागलं, पण ते खरं निघालं.

मग रोज सकाळी आम्ही कोर्टावर. सानिका आणि उर्वी खेळायच्या, मी कडेला उभा राहून तोंड बांधल्यासारखा गप्प. फक्त दोनच शब्द मॅडमनी मला मंजूर केले होते. चेंडू आला की म्हणायचं, "पडू दे." माझ्यासारख्या बागायतदारानं पहाटे उठून 'पडू दे, पडू दे' म्हणत उभं राहायचं! आजोबा असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. पण पोरगी सुधारत होती. आधी एक-दोनदाच थांबली, मग निम्म्या वेळा, मग बाहेर चाललेल्या चेंडूकडे हात मागे बांधून बघायला शिकली. जागा तिला मिळाली. अलोऱ्याला दोघी पहिली फेरी जिंकल्या, दुसरी हरल्या, आणि येताना सावर्ड्याला वडापाव खाताना उर्वी इतकी बोलली, की वर्षभरात माझ्याशी तेवढी बोलली नव्हती.

मे महिन्यात शेवटची काढणी होती. मी झाडावर, झेला हातात, खाली उर्वी. शेंड्याला एकच फळ राहिलं होतं, झाडावरच पिकलेलं, पण काय फळ! सबंध सीझनमध्ये तसं लागलं नाही. हेमालाही मी मुद्दाम बोलावून दाखवलं. देठ तुटला, आणि नेमका आंबा जाळीच्या काठावरून निसटला.

"झेल!" मी ओरडलो.

उर्वीनं वर पाहिलं. नजर आंब्यावर पक्की. दोन पावलं मागे सरली, गुडघे वाकवले, आणि अगदी मॅडमनी शिकवल्याप्रमाणे शांतपणे वाट बघत उभी राहिली.

आंबा तिच्या पायाशी कातळावर पडला. फद्दकन. हेमानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे.

"बाबा, सॉरी," उर्वी म्हणाली. "मी टप्प्याला थांबले होते."

मी खाली उतरलो. चूक काढायला जागाच नव्हती. पाय बरोबर, नजर बरोबर, सवडही अगदी हवी तेवढी घेतलेली. पण आंब्यानं टप्पा काही घेतला नाही. मी तो गोळा केला, आणि त्या दुपारी आम्ही तिघांनी आमरस खाल्ला.