जलरंगातले पाहुणे

पेणच्या 'सांजसावली' वृद्धाश्रमात दर रविवारी चार ते सहा या वेळेत सत्तावीस पाहुणे येतात, आणि त्यांतले तेवीस जलरंगातले आहेत. उरलेले चार हाडामांसाचे असून त्यांच्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही.

ही तेवीस माणसं दक्षता घरतच्या हातची. दक्षता एकोणीस वर्षांची. तिच्या बापाचा गणपतीचा कारखाना, आणि कारखान्यात डोळ्यांची आखणी तिच्याकडे. आखणी म्हणजे मूर्तीचं शेवटचं काम. अंग रंगवून झालं, सोंड झाली, दागिने झाले, की मग डोळा. आणि तोही एका श्वासात. श्वास रोखायचा, काळी रेघ ओढायची, बुबुळावर पांढरा ठिपका ठेवायचा, मग श्वास सोडायचा. हे तिला शिकवलं पदीकाकीने. पदीकाकीने घरतांच्या कारखान्यात चाळीस वर्षं डोळे उघडले. पुढे हात थरथरायला लागला. मूल ना बाळ, नवरा कधीच गेलेला. मग ती सांजसावलीत दाखल झाली. दक्षता दर रविवारी तिला भेटायला यायची, आणि त्या भेटींतूनच हे सगळं सुरू झालं.

पोरीला कळवळा होता. आश्रमाला पाणी तापवायचा बंब हवा होता, म्हणून तिने आपल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. खाडी, होड्या, मिठागरं. तीन चित्रं खपली, त्यातली दोन तिच्या मामाने घेतली. उरलेली तिने आश्रमालाच देऊन टाकली. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण आश्रमातल्या शेटे गुरुजींनी मोजले.

"खाडी मी सत्तर वर्षं बघतोय," गुरुजी म्हणाले. "द्यायचंच असेल तर माझा सुधांशू काढून दे. सहा वर्षं झाली बघून."

दक्षताने गुरुजींच्या पुण्यातल्या मुलाचा, सुधांशूचा, फोटो घेतला आणि त्यावरून चित्र काढलं. निळ्या पडद्यासमोर बसलेला, हाफ शर्टातला. डोळे सगळ्यात शेवटी, एका श्वासात. तिला दुसऱ्या पद्धतीने डोळा येतच नव्हता. शुक्रवारी चित्र गुरुजींच्या खाटेशेजारी खुर्चीवर ठेवलं. रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी सुधांशू फाटकातून आत आला, वहीत नाव लिहून गुरुजींच्या शेजारी जाऊन बसला. कागदावर नुसता निळा पडदा राहिला.

व्यवस्थापक केळुसकर मॅडमनी नियमावली काढून पाहिली. पाहुण्याची व्याख्या स्पष्ट होती: जो फाटकावर नाव लिहितो तो पाहुणा. मॅडमनी वही मिटली.

जलरंगातली माणसं पाहुणे म्हणून उत्तम निघाली. चहा नको म्हणतात, पाण्याला तर हात लावत नाहीत. एकच गोष्ट पाचव्यांदा सांगितली तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतात. घड्याळ बघत नाहीत. खोट एकच होती, सहा वाजले तरी ती उठत नाहीत. पहिल्या खेपेला सुधांशू मंगळवारपर्यंत बसला होता. मग तोड काढली ती पदीकाकीनेच.

"उत्तरपूजा झाली का गनपती जागचा जरासा हलवतान ना?" ती म्हणाली. "तशी फ्रेम हलवा. जाईल."

वॉचमन हिराजीने निळ्या पडद्याची फ्रेम बोटभर सरकवली. सुधांशू उठला, वडलांच्या पाया पडला, वहीत जाण्याची वेळ लिहून एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला. तो कुठे गेला हे कुणी विचारलं नाही. फाटकाबाहेरचं आश्रमाच्या अखत्यारीत येत नाही.

मग रीघ लागली. कुणाला मुलगी हवी, कुणाला अमेरिकेतला नातू. दक्षता काढत राहिली. एक पैसा घेतला नाही. चार संस्थांनी तिला शाल-श्रीफळ दिलं, तालुक्याच्या पेपरात फोटो आला, आणि बाप पहिल्यांदा चारचौघांत म्हणाला, "माझी पोरगी." पदीकाकीला तेवढं कुणाचं चित्र लागत नव्हतं. तिच्यासाठी दक्षता स्वतः येत होती ना.

दिवाळीत खरा सुधांशू फराळाचे डबे घेऊन आला. खाटेजवळ दोघं समोरासमोर उभे राहिले. शेटे गुरुजींनी रंगातल्या सुधांशूचा हात घट्ट धरला, दुसऱ्याकडे बघून नमस्कार केला आणि विचारलं, "आपण कोण?"

त्या दिवसापासून नियम चौदा लागू झाला. एका नावाचा एकच पाहुणा एका वेळी आत राहील. जो आधी आला तो राहील. रंगातली माणसं वेळेची पक्की, त्यामुळे खरी माणसं नेहमी मागे पडायची. सुधांशू पुण्याला परत गेला, तर बायकोने दाराच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाली, ते तर आत जेवतायत, तुम्हाला कोण पाहिजे? आता तो आश्रमासमोरच्या मोरीच्या कठड्यावर बसतो. त्याच्याबरोबर असेच बाहेर राहिलेले आणखी दोघं असतात. दर रविवारी केळी आणतात आणि आपणच खातात. जिवंतपणी, म्हणजे पूर्वी, ते एवढे नियमाने कधी आले नव्हते.

दक्षताला त्यांच्याकडे बघवत नसे. ती मान खाली घालून आत जायची.

श्रावण जवळ आला आणि कारखान्यात झुंबड उडाली. चार हजार मूर्तींचे आठ हजार डोळे एकट्या दक्षताच्या माथी. रविवार कुठला आणि सोमवार कुठला.

"सात रविवार जमायचं नाय काकी," ती म्हणाली. बोलताना तिने दोनदा फोन पाहिला. बापाचा फोन येत होता.

"मंग?" पदीकाकीने विचारलं.

"मी मला काढून ठेवते."

पदीकाकीने तिच्या बोटांकडे पाहिलं. फक्त म्हणाली, "डोला नीट काड."

दक्षताने स्वतःचं चित्र काढलं, पिवळ्या कुर्त्यातलं. डोळा काढायला मात्र ती दोन तास बसली, कारण आरशात तिला डोळ्यात कायम कुठेतरी निघाल्याची धावपळ दिसत होती आणि ती काकीजवळ ठेवून जायची तिला लाज वाटत होती. शेवटी तिने ती काढली नाही. शांत डोळा काढला, पाटावरच्या मूर्तीचा असतो तसा. मग चित्र खुर्चीवर ठेवून तिने जे केलं ते गणपतीच्या कारखान्यातलं माणूसच करील. काकीचा हात थरथरतो, धक्का लागून फ्रेम पडायची, म्हणून तिने चारी बाजूंनी पेंढा ठासला, टेम्पोत मूर्ती ठेवताना ठासतात तसा. केसभर हलणार नाही असा. कारखान्यात लहानपणापासून एवढंच कानावर पडलेलं: हलली की गेली.

गौरी-गणपती बोळवल्यावरच्या पहिल्या रविवारी दक्षता खिरापतीचा डबा घेऊन स्कूटीवरून आली. हिराजीने तिला फाटकात अडवलं.

"तू आत हायस."

"मी बाहेर आहे, हिराजीकाका."

हिराजीने वही फिरवून दाखवली. दक्षता घरत, आत येण्याची वेळ चार. तारीख सात आठवड्यांपूर्वीची. जाण्याच्या वेळेचा रकाना कोरा. "सहाला मी फ्रेम हलवाया गेलू," हिराजी म्हणाला. "पेंडा ठासलेला. हलंना. पदीबाय म्हणली, राहू दे."

दक्षताने कठड्याकडे पाहिलं. सुधांशू सरकून बसला आणि त्याने शेजारची जागा हाताने पुसली. ती धावत ऑफिसात गेली. ऑफिस फाटकाला लागून आहे, तिथवर जायला नाव लिहावं लागत नाही.

"मॅडम, पेंढा काढा. मी ठासलाय, मीच सांगते."

"तुमची भावना मी समजू शकते," केळुसकर मॅडम म्हणाल्या. "पण पाहुणा घालवायचा तर निवासीची संमती लागते."

"मग काकीला विचारा."

मॅडमनी हिराजीला पाठवलं. हिराजी आला. "पदीबाय म्हनते, माजी पाहुनी बसलीय. बाहेर कोन हाय त्याला कलवा." पुन्हा गेला, पुन्हा आला. "म्हनते, जेवून जा म्हना त्याला." तिसऱ्यांदा पदीकाकी स्वतःच आली, भिंत धरत धरत. ऑफिसच्या दारात उभी राहिली. तिचे केस विंचरलेले होते, अंबाडा नीट बांधलेला. नखं कापलेली. सात आठवड्यांत ती जरा भरलीही होती.

दक्षता पुढे झाली. "काकी, मी आलेय गो."

पदीकाकीने तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे फिरवलं आणि डोळे पाहिले. कारखान्यात रांगेतल्या मूर्ती तपासायची तशी, आधी डावा, मग उजवा.

"घाई हाय," ती म्हणाली. "आतल्या पोरीच्या डोल्यात घाई नाय. तुजाच हात, पन चांगला लागलाय."

"मला आत येऊ दे."

"येशील त जाशील."

"नाय जानार."

"फोन वाजंल."

दक्षताने फोन बंद करून मॅडमच्या टेबलावर ठेवला. तिला रडू आवरेना. दर रविवारी ती येत होती हे खरं, पण येताना किती वेळा मनातून निघूनही गेलेली असायची हे तिला त्या क्षणी इतकं लख्ख दिसलं की तोंड लपवावंसं वाटलं. "नाय जानार, काकी. आईशप्पत."

"लिवून दे," पदीकाकी म्हणाली.

केळुसकर मॅडमनी खण उघडला. त्यासाठी नमुना होता. दक्षताने नाव लिहिलं, निवासीशी नातं या पुढे थोडं थांबून 'शिष्या' लिहिलं, आणि जाण्याची वेळ या रकान्यात मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आडवी रेघ मारून सही केली. हिराजीने पेंढा उपसला, फ्रेम बोटभर सरकवली.

पिवळ्या कुर्त्यातली दक्षता बाहेर आली. तिच्या अंगाला ओल्या कागदाचा वास येत होता. ती घाईत नव्हती. वहीत तिने जाण्याची वेळ लिहिली, चार चाळीस. मग फाटकापाशी थांबून तिने हात पुढे केला. दक्षताने तिला स्कूटीची किल्ली दिली. पिवळी दक्षता स्कूटीवर बसली आणि घरतांच्या कारखान्याच्या रस्त्याला लागली. कठड्यावरची तिघं बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. सुधांशू म्हणाला, "घरी लाडकी होईल."

दक्षताने आत येण्याची वेळ लिहिली, चार एकेचाळीस.

पदीकाकीच्या खाटेशेजारी खुर्ची रिकामी होती. खुर्चीवरून उतरवून भिंतीला टेकवलेल्या फ्रेममध्ये पांढरा कागद तेवढा उरलेला. दक्षता बसली. डबा उघडून तिने खिरापत काकीच्या हातावर ठेवली, काकीने ती सावकाश चावून खाल्ली आणि बोटं पदराला पुसली. दोघी बोलल्या. कारखान्यातलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं, काकीच्या गुडघ्याचं. गुडघ्याचं काकीने तीनदा सांगितलं. दक्षताने तिन्ही वेळा ऐकलं. किती वाजले ते तिला बघावंसं वाटलं नाही, आणि तिला फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

मग पदीकाकी खाली वाकली. उपसलेला पेंढा तिने मूठ मूठ गोळा केला आणि दक्षताच्या पायांभोवती, पाठीशी, कोपरांखाली ठासायला लागली. काम जुनंच, हाताला सवयीचं. पेंढा टोचत नव्हता.

"नीट बस," काकी म्हणाली. "टिपका राह्यलाय."

उशाखालून तिने कापडात गुंडाळलेला बारका ब्रश काढला. चाळीस वर्षं वापरलेला, चार केस उरलेला. पांढऱ्या रंगाची बाटलीही होती. तिचा हात थरथरत होता. तिने श्वास रोखला आणि हात थांबला.

दक्षताने श्वास रोखला.

आधी डावा, मग उजवा. काकीने श्वास सोडला, ब्रश पुसला, जरा मागे सरकून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. दक्षता समोर बघत होती.

सहा वाजता हिराजी नेहमीप्रमाणे खाटांच्या रांगेतून एकेक फ्रेम बोटभर सरकवत आला. रंगातला सुधांशू उठला, गुरुजींच्या पाया पडला. अमेरिकेतला नातू उठला. पदीकाकीच्या खाटेशी हिराजी थांबला. त्याने पेंढा पाहिला, दाबून पाहिला, आणि पुढच्या खाटेकडे गेला.