जग बुडाल्यानंतरची दुरुस्ती

मुलीचा फोन आला तेव्हा मेकॅनिक नुसतं 'हो' म्हणाले. पुढचा सगळा घोळ त्या एका 'हो'ने केला. पण त्यांना तरी काय दोष द्यायचा? दुकान बंद झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे 'नाही' म्हणायची सवय राहिली नव्हती.

दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, आणि मागे फळ्यांवर लोकांचे रेडिओ, इस्त्र्या, घड्याळं. सगळी आजारी. मेकॅनिक एकेकाला खाली काढायचे, उलटं करायचे, कान लावायचे आणि बरं करून घरी पाठवायचे. मग लोक दुरुस्त करायचं सोडून नवीन घ्यायला लागले. शेवटी शेवटी तर दुकानात माणूस यायचा तो पत्ता विचारायला. एक दिवस मेकॅनिकनी शटर खाली ओढलं. कुलूप जरा अडकत होतं, ते तिथेच उभं राहून दुरुस्त केलं, लावलं, आणि घरी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. ते बसलेच.

घरातलं दुरुस्त करण्यासारखं सगळं पहिल्या काही दिवसांतच संपलं. मग त्यांनी न बिघडलेल्या वस्तू उघडायला सुरुवात केली, तेव्हा बायकोने मिक्सर उचलून कपाटात लपवला. त्यानंतर मेकॅनिकच हळूहळू घरातली एक वस्तू झाले. झाडू आला की, "अहो, पाय वर घ्या." फडकं आलं की, "अहो, जरा सरका." एकदा तर बायकोने खिडकी पुसता पुसता त्यांच्या खांद्यावरूनही फडकं फिरवलं आणि तशीच पुढे कपाटाकडे गेली. दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

अशात हा फोन.

मुलगी नाटकवाली. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि तिशी उलटली तरी ते नाव काही सुटलं नाही. "बाबा," ती म्हणाली, "नवीन नाटक बसवतेय. जग बुडालंय, सगळं संपलंय, आणि चार माणसं एका तळघरात जीव मुठीत धरून बसलीयत. कपडे, हत्यारं, सामानसुमान, सगळं भंगारातून करायचंय. कराल का?"

"हो."

"पण मोडकं हवं हं. ऐकताय ना? मोडकंच."

"अगं, मोडक्या वस्तूंत जन्म गेला माझा."

(खरं तर भिंगरीने इथेच सावध व्हायला हवं होतं.)

ती पुढे म्हणाली, "पहिल्या प्रयोगाला हॉलच्या मॅनेजरबाई येणार आहेत. त्यांना आवडलं तर वर्षभर दर आठवड्याला प्रयोग. आणि मग सामान सांभाळायला कायमचे तुम्ही. स्टेजच्या मागे खोली आहे. टेबल आहे, दिवा आहे."

टेबल आहे, दिवा आहे! मेकॅनिकनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि खुर्चीतून उठले. आतून बायको म्हणाली, "काय झालं? काही पडलं का?"

भंगारवाल्याच्या आवारात मेकॅनिक असे फिरले, जसा कुणी इस्पितळात ओळखीचे चेहरे शोधत फिरावा. हातगाडी भरून सामान घरी आलं. त्यातून काय काय झालं म्हणून सांगू! जुन्या कीबोर्डची बटणं तारेत ओवून छातीचं चिलखत झालं. मोडक्या छत्रीच्या काड्यांचा खांद्यावरचा काटेरी पंजा झाला. सायकलच्या ट्यूबचे पट्टे झाले, टाकून दिलेल्या एक्स-रेच्या खिडक्या झाल्या, त्यामुळे तळघराच्या खिडकीतून कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. फार उदास दिसायचं ते. भिंगरी येऊन बघून गेली आणि खूश झाली. फक्त तोंडावर लावायच्या मुखवट्याजवळ अडली. दोन चहाच्या गाळण्या, एक नरसाळं आणि पाइपचा तुकडा, असा तो मुखवटा.

तिने लावून बघितला. काढला. पुन्हा लावला.

"बाबा, यातून श्वास घेता येतो."

"मग? नको का घ्यायला?"

"नको! माणसं गुदमरलेली दिसायला हवीत."

"अगं, दीड तास गुदमरून माणूस बोलेल कसा? मी आत फडक्याची गाळणीपण बसवलीय. धूळ येणार नाही."

"धूळ यायला हवी, बाबा! जग बुडालंय!"

"जग बुडालं म्हणून काय खोकायचं?" आतून आई म्हणाली.

भिंगरीने कपाळाला हात लावला. मग कपड्यांचं काम समजावून सांगितलं. जुने शर्ट-कोट किसणीवर घासून कोपरं झिजवायची, मग चहाच्या पाण्यात काजळी कालवून त्यात ते भिजत घालायचे. मेकॅनिकनी सगळं जसंच्या तसं केलं. बादली मोरीत ठेवली. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं.

आता राहिला रेडिओ. तो नाटकाचा जीव. त्या तळघरातला म्हातारा रोज त्या मेलेल्या रेडिओशी बोलतो. शेवटच्या प्रवेशात तो बटण फिरवतो, विचारतो, "कुणी आहे का?" आणि काही म्हणजे काहीच उत्तर येत नाही. तो मेणबत्ती विझवतो. पडदा. भिंगरीने बजावून सांगितलं होतं, "हा मेलेलाच राहू दे."

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मेकॅनिक त्याच्यावरची धूळ पुसत होते. पुसता पुसता मागचं झाकण जरा हललं. आत बघितलं तर एक तार सुटलेली. एकच! एवढ्याशा तारेपायी बिचारा इतकी वर्षं मुका पडलेला. मेकॅनिकनी इकडेतिकडे बघितलं. तार जोडली म्हणजे काही रेडिओ वाजवला असं होत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि जोडली. मग जोडलीच आहे तर धरतेय का बघायला सेल घातले. आवाजाचं बटण ढिलं होतं, ते आवळलं. एवढ्यात मोरीतून हाक आली.

"अहो! हे कुणी भिजवलंय? किती दिवसांचं? मी म्हणून धुतले. बाई गं, तीन पाणी काढली तेव्हा कुठे रंग दिसला!"

मेकॅनिक हातातलं टाकून धावले. दोरीवर जग बुडालेल्या माणसांचे कपडे पांढरेशुभ्र वाळत होते. दोन तर वाळून, इस्त्री होऊन, घडी घालून खाटेवर ठेवलेले. भोकं तेवढी होती, तीही निम्मी रफू केलेली.

"अगं, ते मळकेच हवे होते!"

"चारचौघांसमोर जायचं आणि मळके? लोक म्हणतील हिला आई नाही का?"

मग चुलीची राख, कुंडीतली माती, बुटाचं पॉलिश, जे हाताला लागेल ते घेऊन दोघं म्हातारी माणसं त्या कपड्यांवर तुटून पडली. बायको एकेक डाग लावायची आणि डोळे मिटून घ्यायची. इस्त्रीची घडी मात्र काही केल्या मोडेना. या सगळ्या धांदलीत रेडिओ झाकण लावून पेटीत गेला. सेल आतच राहिले.

संध्याकाळी हॉल अर्धा भरला. पुढच्या रांगेत मॅनेजरबाई, हाताची घडी घालून. नाटक चांगलं रंगलं. चार माणसं फाटक्या पण कडक इस्त्रीच्या कपड्यांत उपाशी मरत होती, आणि लोक गप्प बसून बघत होते. मेकॅनिक विंगेत स्टुलावर बसले होते. मधूनच ते मागच्या खोलीत डोकावून येत. टेबल चांगलं होतं. एक पाय जरा आखूड होता, तो बघता आला असता.

शेवटचा प्रवेश आला. म्हाताऱ्याचं काम करणारा नट चांगलाच उंच होता, म्हणून त्याला सगळे लंबू म्हणत. लंबू गुडघ्यावर बसला. त्याने रेडिओ जवळ ओढला. आणि त्याचा हात बटणाकडे गेला त्याच क्षणी मेकॅनिक स्टुलावरून अर्धवट उठले.

"सेल," ते पुटपुटले.

"काय?" शेजारी उभ्या भिंगरीने विचारलं.

"काही नाही," मेकॅनिक म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

लंबूने बटण फिरवलं. भरल्या गळ्याने विचारलं, "कुणी आहे का?"

रेडिओ खरखरला, आणि एक बाई अगदी ठणठणीत आवाजात म्हणाली, "उद्या आकाश निरभ्र राहील. सहलीला जाणाऱ्यांसाठी आनंदाची बातमी आहे."

हॉलमध्ये हशा उसळला. लंबूने घाबरून बटण पिरगाळलं, ते उलट बाजूला. बाईंचा आवाज दुप्पट झाला. मेकॅनिकनी आवळलेलं बटण ते, कशाला ढिलं पडतंय? लंबू त्या रेडिओशी झोंबला, त्याच्यावर पालथा पडला, आणि शेवटी त्याला मिठी मारून खरोखरच रडायला लागला. बिचाऱ्याने महिनाभर आरशासमोर तो प्रवेश घोटला होता. त्याला तसं हमसून रडताना बघून लोक हसायचे थांबले. हॉल चिडीचूप झाला. पोटाखालून बाई सांगत होत्या की संध्याकाळी मंद वारे वाहतील. पडदा पडला.

भिंगरीने वळून वडिलांकडे बघितलं फक्त. मेकॅनिकना वाटलं, यापेक्षा दुकानाचं शटर पडलं तो आवाज बरा होता म्हणायचा.

मॅनेजरबाई मागे आल्या. त्यांचे डोळे ओले होते. "अंगावर काटा आला," त्या म्हणाल्या. "बाहेर जग सुरळीत चाललंय, लोक सहलीला निघालेत, आणि यांनाच कुणी कळवलं नाही! ही कल्पना कुणाची?"

"आमचीच," भिंगरी म्हणाली.

प्रयोग ठरले, वर्षभराचे. मेकॅनिकनी हळूच मागच्या खोलीकडे बघितलं. भिंगरीने ते बघितलं आणि ती त्यांच्याजवळ स्टुलावर येऊन बसली.

"बाबा, खोली आईला देतेय. तिला एकदा सांगितलं की धुवायचं नाही, तर ती धुणार नाही. तुम्हाला कितीदा सांगितलं?"

"बरोबर आहे," मेकॅनिक म्हणाले. हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. सामान बांधलं गेलं, दिवे उतरवले गेले, कुणीतरी म्हणालं, "आजोबा, जरा सरका." ते सरकले.

भिंगरीला ते बघवेना. "एक काम आहे," ती म्हणाली. "पण हात न लावता करायचं."

"सांग ना."

"कोपऱ्यात एक प्रेत लागतं. आज गोणपाट भरून ठेवलं होतं. मॅनेजरबाई म्हणतात, ते गोणपाट वाटतं. तुम्ही नुसतं पडून राहायचं."

मेकॅनिकनी थोडा विचार केला. खुर्चीपेक्षा बरं. शिवाय दर आठवड्याला मुलीच्या कामावर जाणं आलं. ते म्हणाले, "जमेल मला."

पुढच्या प्रयोगाला बायको पहिल्या रांगेत बसली. घरी येताना मेकॅनिकनी भीत भीत विचारलं, "कसं झालं माझं?"

"छान झालं की. घरी करता तसंच."

आणि खरंच छान चाललं होतं. मेकॅनिक हाडाचे प्रेत निघाले. पण त्यांचं डोकं यायचं तळघराच्या पत्र्याच्या दाराजवळ, आणि ते दार उघडताना असं काही करकरायचं की ऐकणाऱ्याच्या दाताला कळ लागावी. तो आवाज भिंगरीने मुद्दाम ठेवला होता. सगळा हॉल त्याला दचकायचा. प्रेत मात्र तळमळायचं. दोन-तीन प्रयोग त्यांनी दात आवळून सहन केले. मग एकदा प्रवेश बदलताना अंधार झाला, हाताशी मेणबत्ती होती, बिजागरी कानाशी होती... दिवे लागले. लंबू हळूहळू दाराकडे गेला. सगळा हॉल श्वास रोखून बसला. दार लोण्यासारखं उघडलं. बिजागरीवर मेण होतं आणि प्रेताच्या तोंडावर समाधान होतं.

त्यानंतरच्या प्रयोगाला पडदा वर जायच्या आधी भिंगरी दोरी घेऊन कोपऱ्यात आली. तिने वडिलांचे दोन्ही हात पोटावर घेतले आणि बांधायला लागली. "बाबा, रागावू नका," ती म्हणाली. "फार आवळलं का?"

मेकॅनिकनी मान उचलून जरा वेळ निरखून बघितलं.

"गाठ चुकलीय," ते म्हणाले. "एक हात मोकळा कर, मी नीट बांधून देतो."