पिंपळखुट्यांची ओली फांदी

एका तोडलेल्या फांदीच्या तब्येतीची मी वर्षभर चौकशी करत होतो.

सत्तरचं दशक सरत होतं. हिंगणीच्या शाळेत मी नवा मास्तर आणि शेजारी पिंपळखुटे. इंग्रजांच्या काळात ते जंगलखात्यात वनस्पतिशास्त्रज्ञ होते. बोरच्या जंगलातली झाडंझुडपं गोळा करायची, दाबून वाळवायची, साहेबाकडे पाठवायची, हे काम. रस्त्याकडेला अनोळखी गवत दिसलं तरी टोपी काढून वाकायचे. मला बघून नुसती मान हलवायचे.

रोज दुपारी त्यांच्या मधल्या खोलीचं दार लागायचं. आतून आवाज, "चल, कूस बदल. आज लई पाणी सुटलं. पट्टा आवळतो, सोस जरा." मग कागदांची सळसळ. थोड्या वेळानं ते ओली वर्तमानपत्रं आणून कुंपणावर वाळत घालायचे. डांबरगोळ्यांचा वास आमच्या ताटापर्यंत यायचा.

आत अंथरुणाला खिळलेली बायको असणार, असं मी ठरवून टाकलं. वहिनी कशा आहेत, असं विचारलं की ते दचकायचे आणि हळूच म्हणायचे, "आहे अजून." माझी बायको कुसुम, सिंदीची, ती साबुदाण्याची पेज पाठवायची. भांडं घासूनपुसून परत यायचं.

मग पिंपळखुट्यांना मोतीबिंदू झाला. आता ऑपरेशन नाही केलं तर दृष्टी जाईल, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी बजावलं, तरी हे गाव सोडायला तयार नाहीत. मी छाती काढून सांगितलं, वहिनींचं आम्ही पाहू. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि किल्ली दिली.

"दुपारी कागद बदलजा. अन् बोलजा तिच्याशी. मुक्यानं केलेलं तिले चालत नाई."

पहिल्या दिवशी मी एकटाच पेजेची वाटी घेऊन गेलो. खोलीत खाटच नव्हती. टेबलावर पट्ट्यांनी आवळलेल्या दोन लाकडी जाळ्या, मधे कागद, कागदांत पांढऱ्या फुलांची चपटी फांदी. बाहेर भर मे महिन्याचं ऊन. खोलीत ना माठ, ना खिडकी. आणि कागद हाताला गार, ओलाचिंब लागला.

कागद बदलणं, बोलणं राहिलं बाजूला. मागच्या दारानं जो पळालो, तो आमच्या न्हाणीत. पेज तिथेच उभ्यानं पिऊन टाकली. कुसुमला सांगितलं, उन्हानं डोकं दुखतंय. पळाल्याचं तिलाही कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तीच जाऊ लागली. आत काय पाहिलं, हे ना तिनं सांगितलं, ना मी विचारलं.

पिंपळखुटे डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परतले. किल्ली द्यायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा मीच फांदीचा विषय काढला. ते शांतपणे सांगत गेले. लग्न नवं असताना त्यांनी बायकोला बोरच्या मुक्कामावर नेलं होतं. नाल्याकाठची ही फांदी तिनंच तोडून आणली. ही तुमच्या साहेबाच्या पुस्तकात नसेल, म्हणाली. त्याच मुक्कामात ती तापानं गेली. साहेब दर फेरीला फांदी मागायचा.

"वाळली की धाडावी लागे," ते म्हणाले. "मी म्हणायचो, ओली आहे साहेब. साहेब गेला, राज्य गेलं. मी कागद बदलून राह्यलो."

मला केवढा धीर आला. म्हणजे पाणी तुम्हीच शिंपडता तर, मी हसत म्हणालो.

"मी तर वर्ध्याले होतो, मास्तर."

कुसुमनं विषय बदलला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं होतं. त्यासाठी जाल ना, असं तिनं विचारलं. ते मधल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. बराच वेळ कुजबुज चालली होती. बाहेर आले ते किल्ली घेऊन. मी हात पुढे केला. त्यांनी ती कुसुमच्या हातात ठेवली.

"जाईन. पण सूनबाईच पाहील तिले. तुम्ही पळता, म्हणते ती."