बिनतोफेचा रणगाडा

विमलअक्का सोनकांबळे माणसं चेहऱ्यानं ओळखत नाहीत, दातांनी ओळखतात. मागच्या वर्षी नांदेडला एका लग्नात आम्ही पंगतीत शेजारी बसलो होतो. धोतर-टोपीतले एक आजोबा हसत हसत जिलेबी वाढायला आले. अक्कांनी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मान तिरकी केली, आजोबांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मुदखेडचे. वरची आन् खालची, दोन्ही. उजवीकडनंच चावायची सवय हाय तुम्हाला, ती सोडा."

आजोबांच्या हातातली जिलेबी माझ्या वरणात पडली.

त्यांची कवळी अक्कांनीच केली होती. मी दातांचा डॉक्टर, नांदेडला माझा दवाखाना आहे. मी रुग्णाच्या तोंडाचं माप घेतो, ते माप मागच्या गल्लीत अक्कांच्या लॅबमध्ये जातं आणि आठ दिवसांत कवळी तयार होऊन येते. कवळी बसली की रुग्ण मला हात जोडतात. खरं तर त्यांनी मागच्या गल्लीकडे तोंड करून जोडायला हवेत.

अक्का अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. मूळच्या उदगीरच्या. लग्न केलं नाही. साडीवर पांढरा कोट आणि कपाळावर चढवलेला भिंगाचा चष्मा, याशिवाय मी त्यांना फारसं पाहिलेलं नाही. लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं लिहिलेलं: 'हिमायतनगर, खालचा'. 'देगलूर, मावशी, रागीट'. आणि त्या जबड्यांच्या मधे मधे रणगाडे. वीतभर लांबीचे, साखळ्यांची चाकं असलेले, हिरव्या-मातकट रंगाचे अकरा रणगाडे. मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा त्यातल्या एकाची तोफ हिमायतनगरच्या खालच्या जबड्यावर रोखलेली होती.

"अक्का, हे काय?"

"टँक."

"ते दिसतंय. पण इथं?"

"मग कुठं ठिवू? घरी धूळ लई."

हे रणगाडे किटमधून होतात. कुरिअरनं खोकं येतं, त्यात प्लास्टिकचे शेकडो बारीक भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा रणगाडा तयार होतो. रोज चार ते सहा ही अक्कांची त्यासाठीची वेळ. त्या वेळात फोन बंद. एकदा मी घाईच्या कामासाठी माणूस पाठवला, तर निरोप आला, "डाक्टरला सांगा, मंत्र्याचा दात पडला तरी सहाच्या मागून."

अक्का जगातली कोणतीही गोष्ट एकाच प्रश्नानं मोजतात. बसतंय का? मी दवाखान्यात नवी खुर्ची घेतली, त्यांनी विचारलं, "बसतंय का?" माझं लग्न ठरलं, मी पेढे घेऊन गेलो, तेव्हाही तेच. मी म्हणालो, बसतंय असं वाटतंय. "मग झालं," त्या म्हणाल्या, "दिसतंय कसं ते मागून बघता येतं." बायकोला हे मी अजून सांगितलेलं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी अक्कांनी बारावा रणगाडा करायला घेतला, आणि त्या वेळी पहिल्यांदा 'कन्व्हर्जन सेट' घ्यायचं मनावर घेतलं. हे काय असतं ते त्यांनी मला मधल्या सुट्टीत समजावलं. खोक्यातल्या किटमधून एकच प्रकारचा रणगाडा होतो. त्याच रणगाड्याचा दुसरा प्रकार हवा असेल, तर काही छोटे कारागीर रेझिन साच्यात ओतून वेगळे भाग करतात. किटमधले ठरावीक भाग काढून टाकायचे आणि त्या जागी हे बसवायचे.

"म्हणजे कवळीच की," मी म्हणालो.

आमच्या नऊ वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा अक्कांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं.

सेट निवडायला त्यांना चार महिने लागले. त्या चार महिन्यांत दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मी रोज त्यांच्या मोबाइलवरचे फोटो पाहत होतो. तीन सेट डोळ्यांसमोर होते. एकात मोठ्या तोफेचा नवा घुमट आणि त्यावर जादा चिलखत. फार रुबाबदार. दुसऱ्यात पुढे सुरुंग उडवणारे लोखंडी रूळ. तिसऱ्यात तोफ नव्हतीच, तोफेचा घुमटही नव्हता. वरचा सगळा भाग काढून तिथं सपाट पत्रा, वजन उचलायची यारी, तारेची जाड दोरी ओढणारं विंच, आणि पुढे जमिनीत रुतवायचं पातं. बंद पडलेले रणगाडे ओढून आणायची गाडी.

मी लगेच म्हणालो, पहिला घ्या. इंटरनेटवरचे शौकीनही तेच सांगत होते. पहिल्यांदा रेझिन हाताळताय, तर छोटा सेट घ्या, नुसता घुमट बदलायचा. सपाट पत्रा बसवायचा म्हणजे किटचं अंग करवतीनं कापावं लागतं, चूक झाली तर किट फुकट.

"अंग कापायचं मला सांगू नका," अक्का म्हणाल्या. "तीस वर्सं झाली, मानसांची तोंडं बसवून राहिले मी."

मग विकणाऱ्याला फोन. तो बंगळूरचा. अक्का त्याच्याशी आपल्या उदगिरी हिंदीत बोलत होत्या आणि मी समोर बसून ऐकत होतो.

"भय्या, अंदर बुलबुला है क्या?"

तो म्हणाला, मॅडम, कास्टिंग एकदम चांगलं आहे.

"वो सब बोलते. पतले हिस्से का फोटू भेजो, उजाले के सामने पकड के."

त्यानं विचारलं, मुलासाठी घेताय का?

"मैं बनाती," अक्का म्हणाल्या. "आन् ये कौनसे किट के नाप का है?"

इथं तो अडखळला. चौकशी करून त्यानं दुसऱ्या दिवशी कळवलं की सेट वेगळ्या कंपनीच्या किटवरून केलेला आहे, अक्कांच्या किटवर बसताना दोनेक मिलिमीटरचा फरक पडेल, पण दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.

अक्कांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. "दोन मिलिमीटर म्हंजे काही न्हाई," त्या मला म्हणाल्या. "कवळीत दोन मिलिमीटर सुटली तर म्हातारी उपाशी मरंल."

एवढं होऊनही त्यांनी तिसराच सेट मागवला. बिनतोफेचा. मी म्हणालो, अक्का, इतका खटाटोप करून तोफच नसलेला रणगाडा? लोक काय बघणार त्यात? त्यांनी भिंगाचा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. म्हणजे बोलणं संपलं.

सेट आला आणि मला माझ्या शेजारणीचा खरा अभिमान वाटायला लागला तो तेव्हापासून. आधी त्यांनी सगळे भाग साबणाच्या पाण्यात धुतले, कारण साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. घासताना तोंडाला मास्क, खाली ओलं फडकं. "ही धूळ छातीत बसती, मग निघत न्हाई." यारीचा दांडा वाकडा आला होता. दुसरा कुणी परत पाठवला असता. अक्कांनी तो गरम पाण्यात धरला, दोन बोटांनी सरळ केला आणि गार पाण्यात बुडवला. कवळीची मेणाची पट्टी करतात तसा. प्लास्टिकचा गोंद रेझिनला चालत नाही हे त्यांना ठाऊक होतंच, आणि वेगळ्या गोंदाची बाटली माझ्याच दवाखान्यातून गेली. सांगून नाही गेली.

राहिले दोन मिलिमीटर. सपाट पत्रा मागच्या बाजूला खरोखरच तोकडा पडत होता. एके दिवशी मी लॅबमध्ये गेलो तर त्या फटीत गुलाबी रंगाची पट्टी चकाकत होती. कवळीच्या हिरड्यांचं ॲक्रिलिक.

"अक्का, रणगाड्याला हिरड्या आल्या."

"बसलं का न्हाई?"

मी नखानं चाचपलं. सांधा कुठं आहे ते बोटाला कळत नव्हतं. मी दातांचा डॉक्टर आहे, सांधे चाचपणं हेच माझं काम, आणि मला तो सापडला नाही. पुढे हिरवा रंग चढला आणि गुलाबी पट्टी दिसेनाशी झाली, पण दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी ती गोष्ट सांगत होतो, तोंडात कापूस असल्यानं त्यांना ऐकावंच लागत होतं.

रणगाडा पूर्ण झाल्यावर अक्का म्हणाल्या, "डाक्टर, रविवारी उदगीरला गाडी काढता का? एसटीत धक्के बसतेत." त्या पूर्ण प्रवासात खोकं मांडीवर धरून बसल्या होत्या. स्पीडब्रेकर आला की खोकं दोन्ही हातांनी वर उचलायच्या. वाटेत मी विचारलं, कुणाला द्यायचाय? म्हणाल्या, थोरल्या भावाला. नऊ वर्षांत त्यांना भाऊ आहे हे मला माहीत नव्हतं.

किशनदादा स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्यांत एकटेच राहतात. पत्नी वारलेली, मुलगी पुण्याला. सत्तरीचे, ताठ, फार कमी बोलणारे. दारात खाटेवर पेपर वाचत होते. अक्कांनी खोकं खाटेवर ठेवलं, झाकण काढलं आणि बाजूला उभ्या राहिल्या.

दादांनी चष्मा लावला. रणगाडा हातात घेतला नाही, खाटेवरच ठेवून वाकून पाहिला. मग स्वतः उठून दुसऱ्या बाजूला गेले आणि तिकडून पाहिला. मला वाटलं, आवडला नाही.

"तारंचं हे वेटोळं," शेवटी ते म्हणाले, "आमच्या गाडीत उजव्या अंगाला राहायचं."

"फोटोत डावीकडं व्हतं."

"कारखान्यातनं डावीकडंच यायची. मला उजवीकडं सोपं पडायचं, म्हनून मी हलवलं व्हतं."

नऊ वर्षांत अक्कांनी माझी एकही दुरुस्ती ऐकलेली नाही. मी दाढ थोडी कमी करा म्हटलं की त्या म्हणतात, मानसाचं तोंड मोठं करा. त्याच अक्कांनी पर्समधून पातं आणि चिमटा काढला, खाटेच्या कडेला बसल्या, पक्कं चिकटवलेलं वेटोळं अलगद सोडवलं आणि उजवीकडे बसवलं. "असं?"

"जरा मागं. हाव. असं."

तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ आले, अडतीवर दिवाणजी असलेले. त्यांनी रणगाडा पाहिला आणि हसून विचारलं, "किशनराव, लई झ्याक हाय. पर तोफ मोडली काय हो?"

दादाही हसले. हा प्रश्न आयुष्यभर ऐकलेल्या माणसाचं हसू होतं ते. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात अक्का उठून उभ्या राहिल्या.

"मोडली न्हाई. हिला तोफ नसतीच," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण पलीकडच्या दारातली बाईही बाहेर येऊन ऐकायला लागली. "तोफावाल्या गाड्या रेतीत फसत्यात, बंद पडत्यात. त्या समद्यांला ही ओढून माघारी आणती. आतल्या मानसांसकट. माझा भाऊ चालवायचा ही."

दिवाणजींनी चप्पल काढली आणि रणगाड्यापाशी उकिडवे बसले. यारी कशी फिरते, तार कुठून सुटते, सगळं विचारलं. अक्का एकेक सांगत होत्या. "किती गाड्या आणल्या असतील, किशनराव?" त्यांनी विचारलं.

दादा चहा ठेवायला आत गेले होते. आतूनच म्हणाले, "मोजल्या न्हाईत."

चहा यायला जरा जास्तच वेळ लागला. दादा बाहेर आले तेव्हा चष्मा त्यांच्या खिशात होता आणि डोळे लाल होते. चुलीवर चहा करत असते तर धुराचं कारण चाललं असतं, पण घरात गॅस होता.

दुपारी आम्ही निघालो. मुखेड मागे पडेपर्यंत अक्का बाहेर बघत होत्या. मी म्हणालो, आता बाकीचे अकराही दाखवा त्यांना.

"ते कशाला? ते हात बसायला केल्ते."

मग त्या आपणहून बोलायला लागल्या. सातवीत असताना त्यांनी वर्गात सांगितलं होतं की माझा दादा टँकची तोफ उडवतो. गुरुजींनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. दादा सुट्टीवर आला तेव्हा गुरुजींनी त्याला शाळेत बोलावलं, पोरांसमोर उभं केलं आणि तोफेबद्दल विचारलं. दादा म्हणाला, गुरुजी, आपल्या गाडीला तोफच न्हाई. वर्ग खो खो हसला.

"मी घरी आले आन् त्याच्यासंग बोलनंच सोडलं. सुट्टी संपेस्तोवर. त्यानं जाताना हाक मारली, मी न्हानीत जाऊन बसले."

मी गाडी हळू केली होती.

"मग तिकडं गेल्यावर त्याचं पत्र आलं बापाला. विमलला शाळंतनं काढू नका म्हनून. तिचा हात चांगला हाय, तिला हाताचं काही शिकवा. माझ्यावर रागावल्याचं एक अक्षर न्हाई." अक्कांनी मांडीवरच्या रिकाम्या खोक्याचं झाकण नीट बसवलं. "त्याला वाटलं आसंल, पोरगी लहान हाय, लाजली. मी लाजले नव्हते, डाक्टर. मला त्याची लाज वाटली व्हती."

थोडं अंतर गेल्यावर मी विचारलं, "मग आज सांगितलंत का त्यांना?"

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "टँक दिला की."