दोर वर घेण्याची रीत

मोजमापाशिवाय सत्य नाही आणि कार्यालयाशिवाय मोजमाप नाही. म्हणूनच कोरियातल्या जेजू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र जमिनीखालून विहिरींत शिरलाय की नाही, हे ठरवण्याचा अधिकार समुद्राला नसून आमच्या कक्षाला आहे. कक्ष म्हणजे मी (नाव यांग) आणि एक हीटर (बंद).

पद्धत सोपी आहे. निरीक्षण विहिरीत दोराने मीठ मोजणारं यंत्र सोडायचं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खारं तळाशी. आकडा मर्यादेबाहेर गेला की दोर दोन मीटर वर घ्यायचा आणि 'यंत्राची जागा सुधारली' असा शेरा मारायचा. बारा वर्षांत मी चौदा वेळा दोर ओढला; मर्यादा ओलांडल्याची नोंद एकही नाही. याबद्दल मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?)

तक्रार फक्त बू माल-सुन आजींची. त्यांची विहीर आमच्या विहिरीपासून चाळीस पावलांवर. त्या पाण्यावर त्यांची दोनशे संत्र्याची झाडं वाळत चालली आहेत. बागेला सरकारी नळ हवा, तर 'विहीर खारी' असा आमचा दाखला लागतो. आमच्या आकड्यांत पाणी गोड.

परवा त्या किमचीचा, म्हणजे खारवून आंबवलेल्या कोबीचा, डबा घेऊन आल्या. मी तिथेच उघडला.

"मीठ बरोबर आहे?"

"अगदी नेमकं! आजी, तुमच्या हाताला चव आहे."

"हाताला कसली डोंबलाची! यंदा चिमूटभर मीठ आणलं नाही. कोबी विहिरीच्या पाण्यात दोन दिवस बुडवला, झालं. आता दे लिहून."

"जीभ हे प्रमाणित यंत्र नाही ना, आजी."

"मग जेवतोस कशाने? दोराने?"

मला लाज वाटली. खरंच वाटली. त्याच दुपारी मी यंत्र थेट तळापर्यंत सोडलं. आकडा मर्यादेच्या नऊपट. पण नियम तो नियम. दोर दोन मीटर वर घेतला. तरी जास्त. आणखी दोन. असं करता करता यंत्र माझ्या हातात आलं.

सध्या ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. रोज नोंद होते. मीठ: शून्य. आजींचा अर्ज त्या आधारे निकाली काढला. किमची अजून पुरते आहे. रोज जेवताना मान खाली घालून खातो.

तुम्ही आतापर्यंत मला हसला असाल. हसा. तुमच्या गावच्या पाण्याचा आकडाही चांगलाच असणार. फक्त विहिरीत दोर किती उरलाय, ते कधी विचारलंत?