चार कानांचं यंत्र

सभागृहाच्या व्यवस्थापकांनी माईक हातात घेतला आणि धाकटीच्या लक्षात आलं, आता हे लवकर सोडत नाहीत. "बोलून बघा ना," असं तिनेच म्हटलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. 'एक, दोन, तीन' म्हणून थांबणाऱ्यांतले ते गृहस्थ नव्हेत. त्यांनी थेट "सन्माननीय उपस्थितहो" पासून सुरुवात केली. उपस्थित म्हणजे धाकटी, तिचं यंत्र आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. कंपनीत ती इंजिनीअर होती. समोरच्या टेबलावरचा बिनतारी माईकचा रिसीव्हर तिने दोन वर्षं खपून बनवला होता. त्याला चार अँटेना होते, सभागृहाच्या चार कोपऱ्यांत लावलेले आणि लांब वायरींनी टेबलापर्यंत आणलेले. माईक लांब गेला, खांबाआड गेला, की ज्या अँटेनाला क्षीण ऐकू येईल त्याचा जोर यंत्र आपणहून वाढवायचं. माईक जवळ आला की कमी करायचं. मग चौघांचं मिळून एकच स्वच्छ बोलणं बाहेर पडायचं. आज पसंत पडलं तर यंत्र कारखान्यात बनायला जाणार होतं, नाहीतर कपाटात जाऊन बसणार होतं. व्यवस्थापकांची अट एकच होती, चाचणीभर यंत्र एकदाही बंद पडता कामा नये.

यंत्राची धाकटीला काळजी नव्हती. काळजी होती ती बाबांची. बाबांनी याच सभागृहात उभी हयात माईक आणि लाऊडस्पीकर सांभाळले होते. वक्ता ओरडू लागला की त्यांचं बोट बटण किंचित डावीकडे फिरवी, पुटपुटू लागला की उजवीकडे. सगळे त्यांना बटणमास्तर म्हणत. "यंत्राला काय कळतंय, कोण ओरडतंय आणि कोण पुटपुटतंय?" हे त्यांचं ठाम मत होतं. लेकीच्या कर्तबगारीवरही त्यांचं एक ठरलेलं मत होतं: "ठीक आहे." ती परीक्षेत पहिली आली तेव्हा ठीक आहे, नोकरी लागली तेव्हा ठीक आहे. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

आज ते न बोलावता मदतीला आले होते. वरची नियंत्रण खोली उघडून त्यांनी लाऊडस्पीकर चालू केले, जुन्या सवयीने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मग, व्यवस्थापकांचं भाषण सुरू होण्याआधी, धाकटीने त्यांच्या हाती दुसरा माईक दिला.

"बाबा, कोपऱ्याकोपऱ्यात फिरा आणि बोलत राहा. झालं की बटण दाबून बंद करा. दोन्ही माईक एकाच वाटेने येतात, एका वेळी एकच चालू हवा."

"मला शिकवतेस?" असं म्हणून बाबा फिरले. खांबामागून, सज्जातून, पडद्याआडून "एक, दोन, तीन" एकसारखं स्पष्ट ऐकू आलं. परत आल्यावर ते म्हणाले, "ठीक आहे." माईक सदऱ्याच्या खिशात अडकवला आणि तळघरातल्या कँटीनमध्ये चहाला गेले.

आता, बटणमास्तर झाले तरी माईकचं बटण त्यांनी जन्मात दाबलं नव्हतं. त्यांच्या काळी माईकवाल्याने बोलायचं आणि निघून जायचं. बंद करायला वर मास्तर बसलेले असत. आज वर कोणीच नव्हतं.

व्यवस्थापकांचा माईक जवळ होता, म्हणून त्याच्या जोरापुढे तळघरातला माईक दबून गेला होता. अखेर त्यांनी उपस्थितांचे आभार मानले आणि आपला माईक बंद केला. सभागृहात शांतता झाली. यंत्रावरच्या, अँटेनांचा जोर दाखवणाऱ्या हिरव्या दिव्यांच्या चार रांगा सरसर वर चढल्या. मग लाऊडस्पीकरमधून बाबा म्हणाले, "साखर सढळ हाताने घाला हो ताई. घरी धाकटी घालू देत नाही."

व्यवस्थापकांनी छताकडे पाहिलं.

"वर काय चाललंय मास्तर?" कँटीनवाल्या ताईंचा आवाज आला.

"तुमच्या साहेबांचं भाषण. पोरीचं यंत्र लहान आवाज मोठा करतं, ते खरं. पण लांबलेलं भाषण आखूड करायची सोय काही अजून निघालेली नाही."

धाकटीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "साहेब, तुमचा माईक चालू करा ना. तुम्ही बोललात की ते ऐकू येणार नाही."

"थांबा हो," व्यवस्थापक खुर्ची ओढून बसले. "माझ्याबद्दलच चाललंय."

लाऊडस्पीकर बंद करावेत, तर किल्ली बाबांच्या खिशात. यंत्र बंद करावं, तर चाचणी नापास. तळघरात धावावं, तर पोचेपर्यंत बाबा सगळंच सांगून मोकळे होणार. धाकटीने यंत्राच्या पाठीमागची एका अँटेनाची वायर उपटली. उरलेल्या तिघांनी आपापला जोर वाढवला आणि बाबा पूर्वीइतकेच खणखणीत राहिले. हेच तर तिने यंत्राला दोन वर्षं शिकवलं होतं.

"आणि त्या खुर्च्या," बाबा सांगत होते, "बसलं की कुरकुरतात. साहेबांना म्हटलं, बदला. तर म्हणाले, लोक कुरकुरत नाहीत ना, मग राहू द्या."

तिने दुसरी वायर उपटली, तिसरी उपटली. एकटा उरलेला अँटेना इमानेइतबारे राबू लागला; बशीवर कप ठेवल्याचा आवाजसुद्धा त्याने सोडला नाही. धाकटीने चौथ्या वायरीला हात घातला.

"मग यंत्र चांगलं नाही म्हणता?" ताईंनी विचारलं.

लाऊडस्पीकरमधून चहाचा एक लांब भुरका ऐकू आला.

"ताई, मी जन्मभर काय केलं? ओरडणाऱ्याला खाली घेतलं, हळू बोलणाऱ्याला वर आणलं. शाळा सुटली की पोर वर येऊन माझ्या शेजारी बसायची, माझ्या बोटाकडे बघत. मला वाटायचं, कंटाळली असेल. ते बोट तिने जसंच्या तसं यंत्रात घातलंय बघा. शिवाय माझे कान दोन, हिने लावले चार. सकाळपासून असा अभिमान वाटतोय, की कोणापाशी बोलू न कोणापाशी नको असं झालंय."

"मग तिला सांगा की."

"छे, छे. डोक्यावर बसेल."

धाकटीने वायरीवरचा हात काढून घेतला. डोळे पुसत ती मागच्या खुर्चीवर बसली. खुर्ची कुरकुरली.

व्यवस्थापकांनी घसा साफ केला. "किती अँटेना चालू आहेत?"

"एक."

"आणि मास्तर तळघरात."

"हो."

"पसंत आहे," ते म्हणाले. "खुर्च्यांचंही बघतो."

थोड्या वेळाने बाबा जिना चढून आले. ते जसजसे जवळ आले तशी दिव्यांची एकुलती रांग खाली उतरत गेली. "काय झालं?" त्यांच्याबरोबर लाऊडस्पीकरही बोलला, पण त्या घुमण्याची त्यांच्या कानांना जन्माची सवय होती.

"पसंत पडलं, बाबा."

"हं. ठीक आहे." त्यांची नजर लोंबणाऱ्या वायरींवर गेली. "या कशाला उपटल्यास? सामान नीट ठेवायला शीक."

धाकटीने मुकाट्याने तिन्ही वायरी जागच्या जागी खोचल्या. मग म्हणाली, "बाबा, अजून एक चहा घेऊन या ना. चाचणी थोडी राहिलीय."

"आत्ताच तर घेतला."

"जा हो मास्तर," व्यवस्थापक म्हणाले. "साखर हवी तेवढी घाला."

बाबा दारापर्यंत गेले आणि थबकले. त्यांनी हळूच सदऱ्याच्या खिशात डोकावून पाहिलं. माईकचा दिवा लागलेला होता. त्यांचे कान लालबुंद झाले, पण मागे वळून न बघता ते जिना उतरून गेले.

यंत्रावरच्या चारही रांगा पुन्हा वर चढल्या. "एक, दोन, तीन," लाऊडस्पीकरमधून आवाज आला. मग बराच वेळ नुसती पायऱ्यांवरची चपलांची फटफट. आणि मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "फार छान केलंयस हं, धाकटे."

यंत्राने ते खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं.