पाहिले, बदल नाही

संस्थेचे अधिकृत निवेदन असे: ‘भिंगाकार दीर्घिकेतील अतिनवतारा, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस स्फोट होऊन उजळलेला तारा, जगात सर्वप्रथम आमच्या वेधशाळेने पाहिला.’ पुरावा भक्कम आहे. नोंदवहीत सलग एकोणीस दिवस, प्रत्येक छायाचित्रासमोर, पाच वरिष्ठांच्या सह्या आणि ‘पाहिले’ हा शेरा. शेऱ्यातले पुढचे दोन शब्द निवेदनात जागेअभावी गाळले आहेत: ‘बदल नाही’.

यात वरिष्ठांचा दोष नाही. भिंगाकार दीर्घिकेत बहुतेक तारे वयोवृद्ध. नवे जन्माला येणे जवळजवळ थांबलेले. (संस्थेतील नेमणुकांबाबतही हेच धोरण आहे.) अशा ठिकाणी काही घडेल असे मानणे शिष्टाचाराला सोडून झाले असते. शिवाय येत्या आठवड्याच्या सगळ्या सह्या सोमवारी सकाळच्या चहाबरोबर उरकण्याची पद्धत आहे. त्यामुळे शुक्रवारचे आकाश सोमवारीच पाहून होते. इतकी दूरदृष्टी अद्याप कोणत्याही दुर्बिणीला साधलेली नाही.

विसाव्या दिवशी दुसऱ्या एका वेधशाळेने शोध जाहीर केला आणि आमच्याकडे पळापळ झाली. तेव्हा आढळले, की छायाचित्रांचे कपाट सांभाळणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी नोंदवहीच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते: ‘हा ठिपका काल नव्हता.’ सहा कोटी वर्षे अंतराळ कापत आलेला प्रकाश कपाट ते संचालकांचे टेबल या बारा फुटांत अडला होता.

त्या ओळीच्या बळावर संस्थेने अग्रहक्क सांगितला. त्याच ओळीबद्दल बाईंवर दस्तऐवज विद्रूप केल्याचा आरोप ठेवला. शिक्षा: बडतर्फी.

“अहो बाई, तोंडानं सांगायचं ना!” संचालक म्हणाले.

“सांगितलं होतं, साहेब. तुम्ही म्हणालात, लेखी द्या.”

“लेखी म्हणजे अर्ज! समासात कोण लिहितं?”

“रकान्यात जागाच नव्हती. रविवारपर्यंतच्या सह्या झाल्या होत्या.”

चौकशी रीतसर झाली. बाईंच्या कबुलीजबाबावर त्याच पाच वरिष्ठांनी ‘वाचले, गुन्हा मान्य’ असे लिहून सह्या केल्या (तारीख जबाबाच्या आदल्या दिवसाची आहे) आणि बाई घरी गेल्या. त्याला आता चार महिने झाले. शोधाची बातमी अभिमानाने वाचून पान उलटलेल्या आपणा सर्वांना सहावी सही करणे सोपे जावे, म्हणून तो जबाब शब्दशः देतो:

‘समासात मी लिहिले, हे मला मान्य आहे. लिहिण्याआधी पाहिले, हेही मान्य आहे. कालपासून त्याच दीर्घिकेत, जरा डावीकडे, आणखी एक ठिपका आहे. काही आठवड्यांत तो विझेल. हे खरोखर वाचणाऱ्याने मला हाक मारावी. मी कपाटापाशीच आहे.’